लाकडाचा व्यापारी दारात येण्याआधी

जंगलाविषयीचे मोठे निर्णय राजधानीत होतात असं आपण धरून चालतो. कायदे तिथे होतात, अभयारण्यांच्या हद्दी तिथे ठरतात, परिषदा आणि करारही तिथेच होतात. पण जगातल्या कितीतरी जंगलाचं भवितव्य एखाद्या घराच्या अंगणात, अर्ध्या तासाच्या बोलण्यात ठरून जातं. लाकडाचा व्यापारी येतो, रानातून एक फेरी मारतो आणि एक आकडा सांगतो. घरात कुणाचं तरी शिक्षण, दुखणं नाहीतर कर्ज समोर उभं असतं. मालकाने उभ्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा लाकूड विकलेलं असतं. व्यापारी ते रोज विकत घेत असतो. कोणती झाडं तोडायची, कोणती राखायची, ओंडके कोणत्या वाटेने ओढून न्यायचे, ओढ्यापासून किती अंतर सोडायचं, यातलं काहीच मालक विचारत नाही, कारण हे विचारायचं असतं हेच त्याला कधी कुणी सांगितलेलं नसतं. सौदा होतो, आणि त्या जमिनीवर पुढची साठ-सत्तर वर्षं काय उगवणार, तिथे कोणते पशुपक्षी राहणार, हे त्या दिवशी ठरतं.

म्हणून वनशिक्षणाची आणि वन्यजीवशिक्षणाची चर्चा निघाली की मला पहिला प्रश्न पडतो तो हा, की व्यापारी येण्याआधी त्या घरात कोण पोचलं होतं? बहुतेक ठिकाणी कुणीच पोचलेलं नसतं. शाळेच्या भिंतीवर वाघाचं चित्र लागलेलं असतं, वृक्षारोपणाचा दिवस साजरा झालेला असतो, मुलांनी निसर्गरक्षणाची शपथही घेतलेली असते. पण ज्याच्या नावावर जमीन आहे तो आणि ज्यांच्या नावावर ती उद्या होणार आहे ती मुलं, या सगळ्याच्या बाहेर राहिलेली असतात. माझं म्हणणं असं आहे की ग्रामीण जमीनमालक आणि त्यांच्या घरातली तरुण पिढी हेच या शिक्षणाचे पहिले विद्यार्थी असले पाहिजेत. ते शिक्षण त्यांच्याच जमिनीवर उभं राहून झालं पाहिजे. आणि शिकवणारा माणूस असा हवा, ज्याची त्यांना भीती वाटणार नाही.

खासगी जंगल म्हणजे किरकोळ बाब असं कुणाला वाटत असेल, तर फिनलंडमधल्या उत्पादक वनजमिनीपैकी सुमारे ६० टक्के जमीन सामान्य कुटुंबांच्या मालकीची आहे. स्वीडनमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. अमेरिकेतल्या जंगलाचा सर्वांत मोठा वाटा ना केंद्र सरकारकडे आहे ना कंपन्यांकडे. तो कुटुंबांकडे आहे. आणि जिथे जंगल बहुतांशी सरकारी आहे तिथेही प्राणी सरकारी हद्द पाळत नाहीत. महाराष्ट्रात अकोले भागातल्या उसाच्या पट्ट्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं राहतात अशा त्या शेतीच्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे नांदत होते. त्यांचं घर म्हणजे कुणाचं तरी शेत होतं.

आता अज्ञानाची किंमत काय असते ते एका उदाहरणावर जरा सविस्तर पाहू. 'मोठी झाडं तोडू, लहान राहू देऊ, ती वाढतील' हा सल्ला जवळजवळ प्रत्येक मालकाला कधी ना कधी मिळतो. तो ऐकायला इतका शहाणपणाचा वाटतो की मालक निर्धास्त होतो. पण पडीक शेतावर किंवा मोठ्या तोडीनंतर आपोआप उगवून आलेल्या रानात बहुतेक झाडं एकाच वयाची असतात. शेजारी उभं असलेलं बारीक झाड हे लहान मूल नसतं. ते उजेडाच्या शर्यतीत मागे पडलेलं, थोरल्याच्याच वयाचं झाड असतं. तोड झाल्यावर दोन बुंधे शेजारी शेजारी बघावेत. जाड बुंध्यावरची वलयं लांबूनही मोजता येतात, प्रत्येक वलय चांगलं रुंद. बारीक बुंध्यावर आतली काही वलयं तशीच रुंद दिसतात, मग ती अरुंद होत जातात आणि सालीजवळ इतकी दाटतात की मोजायला भिंग लागतं. मोजून झालं की दोन्ही आकडे जवळपास सारखे निघतात.

याचा अर्थ काय? मालकाने सरळ वाढलेली, निरोगी, उत्तम बी देणारी झाडं विकली आणि जी उजेड मिळाला तरी फारशी उभारी धरणार नाहीत ती भविष्यासाठी ठेवली. असं दोन-तीनदा झालं की रस्त्यावरून हिरवंगार दिसणारं रान आतून निकामी होतं. वाकडी, पोखरलेली, कुणाला नको असलेल्या जातींची झाडं उरतात आणि पुन्हा व्यापारी त्या वाटेला फिरकत नाही. वनशास्त्र याच्या उलट सांगतं. आधी वाकडी, रोगट, गर्दी करणारी झाडं काढा, निवडलेल्या चांगल्या झाडांच्या माथ्याभोवती उजेडाला जागा करा, मग त्यांचा घेर भरू द्या. याला विरळणी म्हणतात. पहिल्या विरळणीत पैसा थोडाच मिळतो, कधी खर्चही निघत नाही, आणि हे मालकाला आधीच स्पष्ट सांगितलं पाहिजे. सगळीच रानं एकवयाची नसतात हेही खरं. सावली सोसणाऱ्या जातींच्या, सर्व वयांची झाडं असलेल्या जंगलात निवडक तोड उत्तम चालते. पण आपलं रान यांपैकी कोणत्या प्रकारचं आहे हे ओळखता आलं तरच मालकाला सौद्यात बोलता येतं.

हे ओळखायला वनशास्त्राची पदवी लागत नाही. एखादी दुपार पुरते, मात्र ती त्याच्याच रानात घालवलेली हवी. सभागृहातल्या पडद्यावर दाखवलेल्या बुंध्याचा आणि स्वतःच्या जमिनीतल्या बुंध्याचा परिणाम एकसारखा होत नाही.

शिकवणाऱ्यांनाही शिकत राहावं लागतं, हे या विषयात फार महत्त्वाचं. फांदी कापायची तर खोडाला अगदी लगटून, सपाट कापावी आणि जखमेवर डांबर किंवा रंग फासावा असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आतली जखम पाहिली आणि दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड त्या जागेभोवती आतून बंदिस्ती करतं आणि तिच्या बाहेरून नवं लाकूड वाढवत नेतं. फांदीच्या मुळाशी जो फुगीर कंगोरा असतो तिथूनच ही बंदिस्ती नीट होते; लगटून कापलं की तो कंगोराच जातो आणि खोडात कूज शिरायला वाट मिळते. डांबराने काही साधत नाही. म्हणजे कालपर्यंत तज्ज्ञ जे आत्मविश्वासाने शिकवत होते ते झाडाच्या मुळावर येणारं होतं. एकदा शिबिर घेतलं, प्रमाणपत्र दिलं आणि काम संपलं, असं हे शिक्षण असूच शकत नाही.

जमीनमालकाला काय हवं आहे हे विचारण्याआधीच त्याला काय हवं असणार हे ठरवून टाकण्याची खोडही जुनी आहे. अमेरिकेत कौटुंबिक वनमालकांची राष्ट्रीय पाहणी होत आली आहे. जंगल का राखता, या प्रश्नाला तिथे निसर्गसौंदर्य, वन्यजीव, पुढच्या पिढीला वारसा अशी कारणं वर येतात. लाकडाचं उत्पन्न बरंच खाली येतं. त्याच पाहणीत असंही दिसतं की बहुतेकांकडे आपल्या जंगलाचा लेखी आराखडा नाही. ज्याला पक्षी हवेत त्याच्या हातात लाकडाच्या घनफुटांची पुस्तिका दिली तर तो ती बाजूला ठेवणारच. त्याच्याशी बोलणं पक्ष्यांपासून सुरू करावं.

आणि पक्ष्यांपासून सुरू केलं की गाडी लवकरच वाळलेल्या झाडापाशी येते. 'रान साफ ठेवायचं' ही बहुतेक मालकांची प्रामाणिक समजूत असते. उभं वाळलेलं झाड म्हणजे आळशीपणाची खूण, पडलेलं खोड म्हणजे कचरा. फिनलंडमध्ये मात्र जंगलातल्या एकूण जातींपैकी पाचवा ते चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ४,००० ते ५,००० जाती, या ना त्या प्रकारे मेलेल्या लाकडावर अवलंबून आहेत असा अंदाज आहे. भुंगेरे, बुरशी, शेवाळ, सुतार पक्षी, आणि सुताराने सोडलेल्या ढोलीत राहायला येणारी घुबडं. नव्याने लावलेल्या रोपाला ढोली पडायला कित्येक दशकं जावी लागतात. वाटेवर आणि घरावर पडणार नाहीत अशी चार वाळलेली झाडं उभी राहू दिली तर मालकाचं काहीच जात नाही. वन्यजीवांसाठी इतकं स्वस्त काम दुसरं नसेल, आणि ते केवळ माहिती नसल्यामुळे होत नाही.

घोषणांनी शिकवण्याचा धोका मला सर्वांत मोठा वाटतो, विशेषतः मुलांच्या बाबतीत. अमेरिकेत १९३५ पासून वनखात्याचं धोरण असं होतं की कुठलीही आग लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. १९४४ पासून टोपीवाल्या अस्वलाच्या चित्रातून, वणवा तुम्हीच रोखू शकता, हे मुलांच्या मनावर ठसवलं गेलं. निष्काळजीपणाने लागणाऱ्या आगी कमी व्हाव्यात हा हेतू चांगलाच होता. पण देशाच्या आग्नेय भागात लाँगलीफ पाइन नावाच्या सूचिपर्णी वृक्षाची जंगलं होती आणि ती आगीबरोबरच घडलेली होती. त्याचं रोप पहिली काही वर्षं गवताच्या झुबक्यासारखं जमिनीलगत बसून राहतं. वरून आग निघून जाते, लांब सुयांच्या वेढ्यात मधला कोंब जगतो, आणि आसपासची झुडपं जळाल्यामुळे त्याला ऊन आणि उघडी माती मिळते. आग बंद झाली तशी झुडपं आणि दुसरी झाडं दाटली आणि रोपं गुदमरली. बेसुमार तोड आणि शेतीसाठी-लागवडीसाठी झालेली सफाई ही कारणंही तितकीच मोठी होती. एकेकाळी सुमारे ९ कोटी एकरांवर पसरलेली ही जंगलं विसाव्या शतकाच्या अखेरीस जेमतेम ३० लाख एकरांवर आली. इतर अनेक भागांत दडपलेल्या आगींमुळे वाळलेलं सरपण साठत गेलं आणि पुढचे वणवे जास्त भयंकर झाले.

आग चांगली असा याचा अर्थ नाही. दमट, घनदाट वर्षावनात शिरलेली आग शतकांची घडण नष्ट करते. सांगायचं ते हे, की मुलांना 'आग वाईट' हे वाक्य पाठ करून दिलं की ते आयुष्यभर टिकतं, आणि पुढे हीच मुलं जमिनीची मालक होतात. त्याऐवजी वारा, ओलावा, ऋतू, जाळरेषा (आग पुढे पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा), रानाचा प्रकार असं सगळं मिळून आग शिकवता येते. फ्लोरिडाने १९९० मध्ये कायदा करून प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी नियमानुसार लावलेल्या नियंत्रित आगीला कायदेशीर संरक्षण दिलं. तिथे जमीनमालकांना आधी शिकवलं आणि मग त्यांच्यावर विश्वास टाकला.

विश्वासाचा मुद्दा त्याच पाइनच्या जंगलात आणखी एका प्रकारे समोर आला. रेड-कॉकेडेड नावाचा सुतार पक्षी जिवंत, म्हाताऱ्या पाइनमध्ये ढोली करतो. गाभ्याचं लाकूड बुरशीने मऊ झालेलं असावं लागतं, म्हणून त्याला जुनीच झाडं लागतात. तो धोक्यातला पक्षी म्हणून संरक्षित झाला आणि ज्याच्या जमिनीत त्याचं बिऱ्हाड, त्याच्या तोडीवर बंधनं आली. मालकांनी सरळ हिशोब केला. झाड म्हातारं होऊ दिलं तर पक्षी येईल, पक्षी आला तर झाड आपलं राहणार नाही. तेव्हा ते तरुणपणीच तोडा. डीन ल्यूक आणि जेफ्री मायकल या अर्थतज्ज्ञांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नॉर्थ कॅरोलायनातल्या जमिनींबाबत नेमकं हेच दिसलं. पक्ष्याच्या वसाहती जितक्या जवळ, तितकी झाडं तोडली जाण्याची शक्यता जास्त आणि तोडीचं वय कमी.

हे मालक अडाणी नव्हते. त्यांना पक्षी ठाऊक होता, त्याची गरज ठाऊक होती, कायदाही ठाऊक होता, आणि या सगळ्या ज्ञानाचा उपयोग त्यांनी पक्षी येऊ नये म्हणून केला. १९९५ मध्ये तिथल्या सँडहिल्स भागात वेगळा करार सुरू झाला. मालकाने आपणहून जुनी झाडं राखावीत, झुडपं काढावीत, आग द्यावी. त्यामुळे पक्षी वाढले तरी आज जेवढी बंधनं आहेत त्यापेक्षा जास्त लादली जाणार नाहीत, अशी हमी सरकारने दिली. मालक पुढे आले. इतर अनेक प्रयत्नांची जोड मिळून २०२४ मध्ये हा पक्षी अतिधोक्याच्या वर्गातून एक पायरी खाली आला. नुसत्या माहितीने हे घडलं नसतं. माहिती वापरल्याबद्दल शिक्षा होणार नाही, ही खात्रीही बरोबर द्यावी लागली.

बऱ्याच देशांत गावातल्या माणसाला जंगलाशी संबंधित जो एकमेव सरकारी माणूस भेटतो त्याच्याकडे दंड करण्याचा अधिकार असतो. त्याच माणसाला 'माझ्या रानात अमुक प्राणी दिसतो, काय करू?' असं कोण विचारणार? सल्ला देणारा आणि कारवाई करणारा ही शक्यतो वेगळी माणसं असावीत. स्वीडनचं उदाहरण याला थोडं छेद देतं, म्हणून त्याचाही विचार केला पाहिजे. तिथे १९०३ च्या कायद्याने तोडीनंतर नवं जंगल उभं करणं मालकावर बंधनकारक झालं, आणि त्यासाठी नेमलेली जिल्हावार मंडळं कायद्यावर देखरेखही ठेवत आणि सल्लाही देत. पण मालकाची त्यांच्याशी गाठ पडे ती मुख्यतः सल्ल्याच्या आणि मदतीच्या निमित्ताने. बडगा मागे असे. एकाच संस्थेला दोन्ही कामं करायची असतील तर हा क्रम उलटता कामा नये.

वन्यप्राण्यांच्या बाबतीत वेळ चुकली की शिकवणं किती व्यर्थ जातं हे जुन्नर भागाने पाहिलं आहे. २००१ नंतर तिथे शेतीतून मोठ्या संख्येने बिबटे पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. लोकांच्या मागणीला दिलेला तो प्रतिसाद होता. पण माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले, असं त्यावरच्या अभ्यासातून पुढे आलं. अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या भेदरलेला असतो, परत फिरू पाहतो. आणि त्याची रिकामी झालेली हद्द लवकरच दुसरा बिबट्या व्यापतो. हे आधी माहीत असतं तर पिंजऱ्याची मागणी निदान इतकी सरसकट झाली नसती. उपयोगी पडणारं ज्ञान साधं आहे. गुरं-शेळ्या रात्री पक्क्या, वरून झाकलेल्या गोठ्यात बंद असाव्यात. अंधारात लहान मुलं एकटी बाहेर जाऊ नयेत. ऊसतोडीत बछडे सापडले तर त्यांना घरी आणू नये, गर्दी करू नये. जागेवरच राहू दिले तर आई बहुधा रात्री येऊन घेऊन जाते. पण ज्या घरात माणूस गेला आहे तिथे हे सांगायला जाणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. त्या घराला तेव्हा वेळेवर भरपाई आणि माणुसकीची वागणूक हवी असते. शिकवण्याची वेळ त्याच्या कितीतरी आधीची, जेव्हा फक्त ठसे दिसलेले असतात.

तरुणांकडे वळायचं तर १९०२ सालची एक गोष्ट आजही मोलाची आहे. ओहायोतल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम या शाळाधिकाऱ्याने शेतकऱ्यांच्या मुलामुलींचा गट जमवला आणि त्यांना मक्याचं बी पारखायला, माती तपासायला लावलं. तेव्हा विद्यापीठातल्या संशोधनावर थोरांचा विश्वास बसत नव्हता. मुलं मात्र करून बघायला तयार होती. आपल्याच शेताच्या तुकड्यात पोरांनी काढलेलं पीक बघितलं की बापाला व्याख्यानाची गरज उरत नसे. अशा गटांतूनच पुढे फोर-एच ही मोठी चळवळ झाली. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विद्यापीठाचं ज्ञान शेतावर नेण्याच्या कामाला केंद्राचा पैसा मिळाला, आणि जंगल-वन्यजीवांच्या विस्तारशिक्षणासाठी १९७८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला.

या चळवळीतल्या वन्यजीव-अधिवास स्पर्धेचं स्वरूप मला फार आवडतं. मुलांना एका खऱ्या जमिनीवर उभं करतात आणि ठरावीक प्राण्यांची यादी देतात. या जमिनीत काय बदल कराल, कुठे आणि का, हे त्यांनी लिहायचं आणि मग परीक्षकांसमोर तोंडी पटवून द्यायचं. इथे एक गोष्ट मुलांच्या फार लवकर लक्षात येते. झुडपी माळावरच्या लाव्यासाठी जे चांगलं, ते दाट जंगलातल्या खारीसाठी वाईट असू शकतं. 'वन्यजीवांसाठी चांगलं' या शब्दांना कोणता प्राणी ते सांगितल्याशिवाय अर्थच नसतो. पंधरा वर्षांच्या मुलाने ही अडचण स्वतः सोडवलेली असली की पुढे त्याला कुणी घोषणा विकू शकत नाही.

वनमापनही असंच. बिल्टमोर काठी म्हणून एक साधी खुणांची पट्टी असते. ती छातीच्या उंचीवर खोडाला आडवी टेकवायची, डोळ्यापासून ठरावीक अंतरावर, साधारण हातभर लांब. एक टोक खोडाच्या एका कडेला जुळवायचं आणि मान न हलवता दुसऱ्या कडेचा आकडा वाचायचा. तो झाडाचा अंदाजे व्यास. उंचीचा अंदाज काढून तक्त्यात पाहिलं की लाकूड किती निघेल ते कळतं. मुलं हे तासाभरात शिकतात आणि मग एकेका झाडाशी जाऊन पैजा लावतात. हा खेळ वाटतो, पण ज्या घरातल्या मुलीला आपल्या रानातली झाडं मोजता येतात, त्या घरात व्यापाऱ्याने सांगितलेला आकडा कुणीही मुकाट्याने ऐकून घेणार नाही.

आल्डो लिओपोल्ड या वन्यजीवशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये विस्कॉन्सिन नदीकाठची कसून निकामी झालेली जमीन घेतली आणि पत्नी व पाच मुलांना बरोबर घेऊन तिथे हजारो पाइन लावले. पहिल्या उन्हाळ्यात दुष्काळाने बहुतेक रोपं मारली. त्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा लावली, आणि लावत राहिले. ती पाचही मुलं पुढे निसर्गाच्या अभ्यासात उतरली आणि त्यांतली तिघं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून गेली. सगळ्यांच्या घरी शास्त्रज्ञ बाप नसतो, हे मान्य. पण रोप मरणं, कारण शोधणं, पुन्हा लावणं याला शास्त्रज्ञ बाप लागत नाही; त्यासाठी जमिनीचा एक कोपरा मुलांच्या स्वाधीन करावा लागतो. वृक्षारोपणाच्या दिवशी रोप लावून गेलेल्या मुलाला ते रोप जगलं की मेलं हे कुणीच कळवत नाही. त्याला शिकवायची खरी वेळ तिथेच निसटते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो वजनदार आहे. पोटाची अडचण असलेल्या माणसाला जंगलाचं शिक्षण काय कामाचं? माझं उत्तर असं की अडचणीतल्या माणसालाच ते जास्त लागतं. ज्याच्याकडे पैसा आहे तो चुकीचा सौदा सोसू शकतो. मात्र शिक्षण हे उत्पन्नाच्या जागी बसवता येत नाही. पाणी, हवा, पक्षी सगळ्यांसाठी राखा असं मालकाला सांगायचं आणि खर्च त्याच्याच गळ्यात टाकायचा, हा अन्याय आहे, आणि तो तसा असल्याचं शिकवणाऱ्याने मालकासमोर कबूल केलं पाहिजे.

शेजाऱ्याचं शेजाऱ्याने ऐकणं ही यातली सर्वांत मोठी, आणि सर्वांत कमी वापरलेली ताकद आहे. अमेरिकेत व्हर्माँटमध्ये १९८० च्या दशकापासून काही वनमालकांना थोड्या दिवसांचं सखोल प्रशिक्षण देतात. बदल्यात त्यांनी आपापल्या भागात जाऊन इतर मालकांशी बोलायचं, आपलं रान दाखवायचं एवढीच अट. स्वीडनमध्ये १९९० च्या सुमारास जंगलातल्या जैवविविधतेचं ज्ञान मालकांच्या छोट्या अभ्यासमंडळांतून पसरवलं गेलं, आणि १९९३ च्या वनकायद्याने उत्पादन आणि पर्यावरण ही दोन्ही उद्दिष्टं समान ठरवली. लोकांशी आधी बोलणं झालेलं असलं की कायदा त्यांना आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही.

या सगळ्याला घाई आहे. अमेरिकेतल्या कौटुंबिक वनमालकांचं सरासरी वय साठीच्या पुढे आहे, आणि शेती-जंगलाची मालकी म्हातारी होत जाण्याची गोष्ट त्या एका देशापुरती नाही. येत्या काही वर्षांत अमाप जमीन अशा वारसांकडे जाणार आहे जे ती जमीन ओळखत नाहीत. हद्द कुठली, झरा कुठे, ती वाकडी झाडं कशासाठी राखली होती, हे सांगणारं माणूस गेलं की वारस पहिला फोन करतो तो व्यापाऱ्याला. म्हणून सल्लागाराची भेट मालकाच्या हयातीत आणि वारसांसह झाली पाहिजे, बाहेर राहणाऱ्या मुली-सुनांसह. त्या भेटीत हद्दीवरून एक फेरी, हाताने काढलेला नकाशा आणि विक्रीच्या कराराचा एक नमुना एवढं जरी हाती पडलं तरी पुष्कळ झालं. करार लेखी असावा, तोडायच्या झाडांवर खोडाला आणि बुंध्याला रंगाची खूण असावी, दर एकाहून जास्त व्यापाऱ्यांकडून घेतलेला असावा, ओल्या जमिनीत अवजड यंत्रं चालवायला मनाई असावी आणि ओढ्याकाठचा पट्टा वगळलेला असावा.

या भेटीचा खर्च सार्वजनिक पैशातून झाला पाहिजे, कारण त्या ओढ्याचं पाणी खालच्या सगळ्यांना लागतं. आणि सल्लागाराचा पगार लाकडाच्या विक्रीतल्या टक्केवारीवर कधीही अवलंबून ठेवू नये. आज कित्येक मालकांना मिळणारा एकमेव फुकट सल्ला लाकूड विकत घेणाऱ्याचाच असतो. त्या जागी दुसरा माणूस उभा करायचा, तर तोड झाली काय किंवा न झाली काय, त्याला सारखाच पगार मिळाला पाहिजे.